भिरंडं आमची, लेबल कुणाचं?

११ डिसेंबर २०२२ रोजी गोव्यात पंतप्रधानांच्या हस्ते दोन मोठी उद्घाटनं झाली. एक मोपाच्या विमानतळाचं, दुसरं धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं. दोन्ही पेडणे तालुक्यातच. पणजीत त्याच दिवशी नवव्या जागतिक आयुर्वेद परिषदेची सांगता होत होती. योगायोग म्हणायचा तर म्हणा, पण सरकारच्या मनातला बेत त्यात स्वच्छ दिसतो: जगभरातून माणूस इथे उतरेल, उपचार घेईल आणि जाताना बॅगेत चूर्णं, तेलं, गोळ्या भरून नेईल.

या बेतावर नाक मुरडायचं कारण नाही. २०१२ पासून खाणींनी गोव्याला जे हेलकावे दाखवले, ते पाहता डोंगर न पोखरणारा कुठलाही धंदा स्वागतार्हच आहे. आयुर्वेदाच्या नावावरचे खाद्यपदार्थ, पूरक आहार, तेलं आणि लेप यांना परदेशात मागणी वाढते आहे हेही खरं. (उलाढालीचे जे भलेमोठे आकडे छापून येतात त्यांत साबणापासून मसाजपर्यंत सगळं एकत्र मोजलेलं असतं. त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून ते इथे देत नाही.) माझी हरकत वेगळी आहे. या बाजारात जे विकलं जातं त्यातून आयुर्वेदाने आहाराबद्दल विचारलेले निम्म्याहून अधिक प्रश्न गळून गेले आहेत, आणि ते प्रश्न परत आणण्याऐवजी गोवा त्याच रांगेत आणखी एक दुकान थाटायला निघाला आहे.

हे प्रश्न माझ्या पदरचे नाहीत. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, आहाराचा विचार करताना पाहायच्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदार्थाचा मूळ गुण कोणता, त्याच्यावर कोणते संस्कार झाले, तो कशाबरोबर मिसळला, किती घेतला, कुठला आहे, कोणत्या वेळी खाल्ला, कोणत्या रीतीने खाल्ला आणि मुख्य म्हणजे कुणी खाल्ला. बरणीवरचं लेबल पहिल्या तिघांबद्दल काहीतरी सांगतं. उरलेल्या पाचांबद्दल ते गप्प असतं, किंवा ‘दिवसातून दोनदा’ एवढं सांगून मोकळं होतं. गोव्यातल्या पंचविशीतल्या खेळाडूला आणि म्युनिचमधल्या सत्तरीच्या, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या बाईला तेच दोनदा.

प्रमाणाचा मुद्दा हळदीच्या बाबतीत उघड झाला. स्वयंपाकातली हळद चिमटीने पडते, तेलात परतली जाते, डाळीत नाहीतर हुमणात (माशांच्या आमटीत) विरघळते. नागपंचमीला आपण पातोळ्या वळतो त्यात तर हळदीचं फक्त पान असतं. परदेशी बाजाराला हे पुरेना. त्याने हळदीतून कुरकुमिन वेगळं काढलं. ते शरीरात नीट शोषलं जात नाही असं कळल्यावर त्यात मिरीतलं पिपेरिन घातलं, कारण त्याने शोषण कित्येक पटींनी वाढतं असं १९९८ साली एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. मग २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांना यकृताचा दाह झाल्याच्या नोंदी आल्या आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेला इशारा द्यावा लागला. औषधांनी यकृताला होणाऱ्या इजांचा मागोवा घेणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनाही असेच रुग्ण सापडले, आणि त्यांतल्या काहींच्या गोळ्यांत मिरीचा अर्क होता. ‘आमच्या पणज्या हजार वर्षं हळद खात आल्या’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. पणजीने हळद खाल्ली, अर्काच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत. असे रुग्ण थोडे आहेत, घाबरून घरातली हळद फेकायची गरज मुळीच नाही. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा जाहिरातीत घातलं त्याने आयुर्वेद वाचलेला नव्हता. मात्रा चुकली की अन्नही बाधतं हे सांगायला चरकाने ‘मात्राशी स्यात्’ (प्रमाणात खाणारा असावं) म्हणून अध्यायाची सुरुवात केली आहे.

अश्वगंधाची गोष्ट याहून बोलकी आहे. संहितांत औषध म्हणून मूळ वापरलं जातं. आता परदेशी खरेदीदार विचारतो, अर्कात विथॅनोलाइड हा घटक किती टक्के? टक्के वाढवायचे तर पानं स्वस्त पडतात, म्हणून मुळाच्या नावाखाली पानं मिसळली जाऊ लागली. अखेर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला ‘पानं वापरू नका’ असं पत्रक काढावं लागलं. म्हणजे बाजाराच्या मोजपट्टीने औषधाचं अंगच बदललं. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधावर बंदी घातली. त्या निर्णयाच्या शास्त्रीय आधाराबद्दल आपल्याकडच्या वैद्यांचे आक्षेप आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. पण परदेशी तपासनीसापुढे आलेल्या डब्यात मूळ होतं की पान, हेच जर आपल्याला छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर भांडायचं कुठल्या तोंडाने? आणि गोव्यापुरतं बोलायचं तर ते अश्वगंधा येतं मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडून. आमच्या दुकानदाराचा त्यात वाटा फळीपुरता.

कायद्यांनी गोंधळ कमी केलेला नाही. आपल्याकडे एखादी वस्तू १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेऊ शकते, नाहीतर २०२२ साली आलेल्या ‘आयुर्वेद आहार’ नियमांखाली अन्न म्हणून. हे नियम मला तरी बरे वाटतात: धातू-रत्नांची भस्म-पिष्टी नको, वरून जीवनसत्त्वं घालणं नको, दोन वर्षांखालच्या मुलांना नको, आणि कृती मान्य ग्रंथांना धरून हवी. पण तोच माल अमेरिकेत गेला की १९९४ च्या कायद्याने ‘पूरक आहार’ होतो, आणि विक्रीआधी तो सुरक्षित व गुणकारी असल्याचं सिद्ध करून सरकारची मंजुरी घ्यायची गरज उरत नाही. युरोपने २००४ चा निर्देश काढून वनौषधींना निदान तीस वर्षांच्या वापराचा पुरावा मागितला, त्यांतली पंधरा वर्षं शक्यतो युरोपातली. तर कंपन्या तिथेही औषधाचा दरवाजा सोडून अन्नाच्या दरवाजाने शिरल्या. जिथे प्रश्न कमी विचारले जातात तिथून माल आत जातो. यात व्यापाऱ्याला दोष देऊन भागणार नाही, ज्याला सवलत दिली तो ती घेणारच.

जाहिरातींचंही तसंच. २०१८ साली नियम १७० आला: आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या अधिकाऱ्याची परवानगी हवी. २०२४ च्या जुलैत मंत्रालयाने तो काढून टाकला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि २०२५ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची इंडियन मेडिकल असोसिएशनची मूळ याचिका निकाली निघताना ती स्थगितीही उठली. एवढ्या धरसोडीत ग्राहकाने काय समजायचं? १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा अजून जागेवर आहे, पण मधुमेह मुळापासून घालवणारे फलक म्हापशाच्या रस्त्यावर वाचताना तो कुठे जाणवत नाही.

विश्वास एकदा गेला की परत यायला किती वेळ लागतो, याचा धडा आपल्याला वीस वर्षांपूर्वीच मिळाला आहे. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी छापून आली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ मध्ये त्याच गटाने इंटरनेटवरून घेतलेली १९३ उत्पादनं तपासली, तेव्हाही प्रमाण पाचातलं एक. आपल्याकडे यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटल्या. एक, हा औषध कंपन्यांचा कट. दोन, रसशास्त्रातला, म्हणजे धातूंपासून औषधं करण्याच्या शाखेतला, पारा शोधन (शुद्ध) केलेला असतो, त्यांना काय कळतं. दुसऱ्या म्हणण्यात रसशास्त्रापुरतं काही तथ्य असेल, पण ज्या डब्यांत धातू असायलाच नको होते तिथेही ते सापडले, त्याचं काय? गंमत म्हणजे २००८ च्या तपासणीत अमेरिकेत बनवलेला मालही भारतीय मालाहून स्वच्छ निघाला नव्हता. म्हणजे हा कुणा एका देशाचा अवगुण नव्हे. कच्चा माल कुठल्या मातीतला, कुणी वाळवला, कुठे दळला, हे कुणीच विचारत नव्हतं.

चरकाने ‘देश’ या एका मुद्द्यात दोन गोष्टी घातल्या आहेत. द्रव्य कुठे उपजलं आणि कुठे वावरलं ही एक, खाणाऱ्याला कुठलं सात्म्य आहे, म्हणजे सवयीने मानवतं, ही दुसरी. आजच्या भाषेत पहिलीला आपण मालाचा माग म्हणतो आणि ती युरोपीय कल्पना समजतो. माझ्या मते गोव्याची खरी बाजू इथे सुरू होते, कारण गोव्याला या बाबतीत इतिहास आहे आणि तो फारसा सुखाचा नाही.

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ छापला गेला. तीस वर्षांच्या आसपास तो इथे राहिला, बाजारात फिरला, वैद्यांना विचारत गेला. चारच वर्षांत क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश काढला आणि इथलं ज्ञान युरोपभर गेलं. (ओर्ताला मात्र मेल्यावरही सुख लाभलं नाही. तो छुपा ज्यू होता म्हणून १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली.) त्या ग्रंथात एखादा मालुपा वैद्य सोडला तर ज्यांच्याकडून माहिती घेतली त्या स्थानिक माणसांची नावं फारशी सापडत नाहीत. शंभरेक वर्षांनी कोचीला डच गव्हर्नर फान ऱ्हेडने मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टुस मलबारिकुस’चे बारा खंड करवले, तेव्हा रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन सारस्वत वैद्यांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत, कोकणीत, स्वतःच्या सह्यांनिशी दाखला लिहून दिला. गोव्यातून परागंदा झालेल्या समाजाची ही माणसं. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचाही दाखला शेजारी आहे. माहिती कुणी दिली हे ग्रंथातच छापलेलं. सतराव्या शतकात जे जमलं ते आज डब्यावर जमू नये?

आपण मालकीची लढाई लढलो, हे मान्य. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. लढणाऱ्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, आमच्या माशेलात जन्मलेले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला, परदेशी पेटंट कचेऱ्यांना दाखवता येईल असा. त्याने चोरीला आळा बसला. पण दुसऱ्याला मिळू न देणं आणि आपल्या माणसाला मिळवून देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत आपण मागेच गेलो. २०१८ च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय कंपनीनेही जैवसंपत्तीच्या लाभातला वाटा स्थानिकांना द्यायला हवा. कंपनीची उलाढाल चारशे कोटींच्या वर, मागितलेला वाटा दोन कोटींच्या आसपास. पाच वर्षांत, २०२३ मध्ये, जैवविविधता कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान व लागवडीच्या औषधी वनस्पती यांना सूट मिळाली. जे पोथीत आहे ते सगळ्यांचं, म्हणून फुकट. जे पोथीत नाही, सत्तरी तालुक्यातल्या गावकऱ्याच्या किंवा काणकोणातल्या वेळीप या आदिवासी समाजातल्या बाईच्या तोंडी आहे, ते कुणी लिहूनच घेतलं नाही तर त्याचा वाटा मागणार कोण? गावोगावच्या जैवविविधता समित्यांनी अशा स्थानिक ज्ञानाची लोकनोंदवही ठेवायची असते. माझ्या माहितीतल्या पंचांना ती कामाची कमी आणि कागदाची जास्त वाटते. त्यांचं फार चुकतं असंही नाही, कारण त्या नोंदीतून गावात एक रुपया आल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही.

आता भिरंडांकडे, म्हणजे कोकमाच्या फळांकडे येतो. कोकम आमच्याकडे बागेत शिस्तीने लावलं जात नाही. ते कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला, ओहळाच्या काठी, परड्यात आपसूक वाढतं. एप्रिल-मे मध्ये फळ पिकतं, आणि वाळवायला जेमतेम काही आठवडे मिळतात. साल सोडवायची, रसात आणि मिठात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. हे सगळं घरातल्या बायका करतात. मिरगाआधीच्या एखाद्या वळवाने अर्धी सोलं काळवंडली की ते वर्ष गेलं. बियांचं भिरंडेल पूर्वी भेगाळलेल्या टाचांना लावायचं, आता तेच ‘कोकम बटर’ म्हणून महागड्या क्रीममध्ये जातं. अंगावर पित्त उठलं की सोलांचं पाणी चोळायचं हे आमच्या घरात कुणी वैद्याला विचारून केलं नाही. इतकी जवळची वस्तू, आणि तिचं भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं सिंधुदुर्ग-रत्नागिरीला. त्यांनी मेहनत घेतली, त्यांना मिळालं, यात तक्रार नाही. पण बांद्याच्या नाक्याअलीकडे, गोव्याच्या हद्दीत, तेच फळ बेनाव विकलं जातं, आणि कुळागरवाल्याला झाडाखाली कुजलेली भिरंडं झाडून काढायला मजूर परवडत नाही.

या कोकमाचं ‘वजन घटवणारी आयुर्वेदिक गोळी’ करायचा मोह कुणालाही होईल. त्याच्या भावंडाचं, मलबारी गार्सिनियाचं, अमेरिकेत तेच झालं. ते आणि इतर अर्क घातलेल्या गोळ्या जोरात खपल्या, आणि २००९ मध्ये हायड्रॉक्सीकट नावाचा माल यकृताच्या तक्रारींमुळे बाजारातून मागे घ्यावा लागला. नेमका कोणता घटक दोषी यावर वाद आहे. वाद असणं हेच पुरेसं बोलकं आहे: इतकं एकत्र कोंबलं की दोष कुणाचा ते कळत नाही. सोलकढीने कुणाचं यकृत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग विकायचं काय? काहीजण म्हणतील, केरळसारखं करा. किनाऱ्यावर ते चालूच आहे. कळंगुटपासून पाळोळ्यापर्यंत ‘केरळ आयुर्वेदिक मसाज’ असे फलक लटकतात. परक्या राज्याचं नाव भाड्याने घेऊन धंदा करणारं पर्यटन राज्य विरळाच असेल. केरळकडून घ्यायचं होतं ते वेगळंच. तिथे पर्यटन खात्याने आयुर्वेद केंद्रांची प्रतवारी कित्येक वर्षांपूर्वी सुरू केली, आणि पाऊस हा उपचारांचा हंगाम म्हणून मांडला. कर्कटक महिन्यातली औषधी कंजी तिथे घरात शिजते आणि पाहुण्यालाही मिळते. म्हणजे ‘काल’ त्यांनी विकायच्या वस्तूत धरला. गोवा मात्र पावसात खोल्या निम्म्या भावाने देतो आणि ऑक्टोबरची वाट बघतो.

खरं तर आमचा पाऊस जेवणाच्या बाबतीत गरीब नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, अग्नी मंद, अशा दिवसांत उकड्या तांदळाची पेज, कुळथाचं कळण, डोंगरावरचा तायकिळा, फागलां अशा पावसाळी भाज्या, हळदीच्या पानातलं काहीबाही. वाग्भटाने वर्षाऋतूत जुनं धान्य आणि कडधान्याचं यूष (पातळ कढण) सांगितलं आहे. ते वाचून कुणी आमच्याकडे पेज-कळण सुरू केलं असेल असं मला वाटत नाही, पण दोन्ही एकाच हवेतून आलेलं दिसतं. एखादा पाहुणा इथे जुलैत पंधरा दिवस राहिला, शिकलेल्या वैद्याने त्याला तपासलं, काय खायचं आणि काय नाही हे सांगितलं, तर त्याला आठातल्या आठही गोष्टी मिळतात. त्यातली एकही पार्सलने पाठवता येत नाही, म्हणून ती दुसऱ्याला स्वस्तात करूनही विकता येत नाही. शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, धारगळला एवढी मोठी संस्था आहे. वैद्य नाहीत असं म्हणायची सोय नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. असे पाहुणे किती येणार? शेकड्यांत. डब्याला गिऱ्हाईक कोटींत. कुळागरवाल्याचं पोट शेकड्यांवर भरेल का? नाही भरणार, म्हणून डबा बंद करा असं मी म्हणत नाही. गोव्याच्या नावाने जाणाऱ्या डब्यावर चार गोष्टी छापायची सक्ती हवी: कोणत्या गावचं, कोणत्या हंगामातलं, रोजच्या जेवणात किती, आणि कुणी घेऊ नये. सोबत धातूंची तपासणी, जिचा अहवाल कुणालाही पाहता येईल. शेवटच्या ‘कुणी घेऊ नये’ला व्यापारी सर्वांत जास्त विरोध करतील, आणि मला वाटतं बाजारात वेगळं उठून दिसायला तेच सर्वांत उपयोगी पडेल. आपल्याच वस्तूची मर्यादा सांगणारा विक्रेता परदेशी ग्राहकाने अजून फारसा पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: तपासणीचा खर्च मोठ्या कंपनीला चिल्लर, स्वयंसहाय्य गटाला डोंगर. नियम कडक झाले की सोलं वाळवणारी बाई बाहेर पडते आणि ब्रँडवाला आत राहतो. हे खोटं नाही, आणि देशात इतर मालांच्या बाबतीत ते घडलंही आहे. म्हणून तपासणीचा भार तिच्यावर टाकू नये. गटांचा माल फुकट तपासणारी एक सरकारी प्रयोगशाळा, आणि फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत पंचायतीच्या जागेवर मे महिन्यात चालणारी वाळवणघरं, एवढ्यावर सुरुवात होते. पैसा कुठून? ‘वेलनेस’ हा शब्द फलकावर लावून रात्रीच्या हजारो रुपयांच्या खोल्या देणारी जी हॉटेलं आहेत, त्यांच्या बिलावर एक छोटा अधिभार लावावा आणि तो पर्यटन खात्याच्या जाहिरातीत न जाता थेट या कामाला द्यावा. हॉटेलवाले ओरडतील. त्यांना विचारावं की तुमच्या स्वागताच्या पेल्यातलं कोकम सरबत कुठल्या गावचं आहे, आणि ज्यांनी ते वाळवलं त्यांना किलोमागे काय दिलं.